लाउदातो काका

वसईतल्या कुठल्याही चर्चमध्ये रविवारी सकाळच्या मिस्सेला जाऊन बसा. उजव्या भिंतीलगत, स्विचबोर्डाच्या जवळच्या बाकावर, एक गृहस्थ छताकडे बघत बसलेले दिसतील. ते ध्यानात नाहीत. डावीकडच्या शेवटच्या पंख्याखाली कुणीही बसलेलं नाही आणि तरी तो पंखा फिरतो आहे, हे त्यांच्या जिवाला लागलेलं आहे. फादर प्रवचनाला उभे राहिले आणि लोक खाली बसले की हे उठतात, चपला न वाजवता भिंतीकडेनं सरकतात, एक बटण बंद करतात आणि जागेवर येऊन हात जोडतात. बहुतेक वेळा ते बटण त्या पंख्याचं नसतं. फादरांच्या माइकचं असतं.

यांना आमच्याकडे लाउदातो काका म्हणतात. असे काका प्रत्येक धर्मग्रामात निघतात. नंदाखालला आहेत, गासला आहेत, निर्मळच्या बाजूला दोन आहेत असं ऐकतो, आणि कंपोस्टच्या ड्रमाला भोकं किती पाडायची यावरून त्या दोघांचं बोलणं बंद आहे. मी लिहितोय ते आमच्याकडचे. पण इतर ठिकाणच्या काकांनी वाचलं तर त्यांना ते आपल्यावरच लिहिलंय असं वाटेल, आणि अंक प्लॅस्टिकच्या वेष्टनातून का पाठवला असं विचारणारं पत्र संपादकांना जाईल.

नाव पडलं ते असं. २०१५ च्या जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक प्रसिद्ध झालं. पृथ्वी हे आपलं सगळ्यांचं सामायिक घर आहे, ते तापतंय, त्याचा चटका आधी गरिबाला बसतो, आणि हे सगळं श्रद्धेच्या बाहेरचं नाही, असा त्याचा सारांश. पोपनी ते फक्त कॅथलिकांना लिहिलेलं नाही, पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला लिहिलंय. त्यामुळे प्रत्येक माणसानं ते बाकीच्यांसाठी आहे असं समजून बाजूला ठेवलं. आमच्या काकांनी मात्र ते आपल्याच नावानं आलंय असं धरलं. त्याला कारण आहे. काकांची सगळी नोकरी चेंबूरकडच्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात गेली. पहाटेची विरार लोकल पकडायची, कंपनीचं जे परिपत्रक येईल ते वाचायचं, सही करायची, फाइलला लावायचं आणि दुसऱ्या दिवसापासून तसं वागायचं. वरून आलेलं परिपत्रक पाळायचं असतं, वादाला तिथे जागा नाही, अशी त्यांची घडण. आणि पोपपेक्षा वरून कुठून येणार?

शिवाय जन्मभर ज्या तेलावर घर चाललं, तेच पृथ्वीच्या तापाचं मूळ आहे हे त्यांना निवृत्तीनंतर कळलं. काही माणसांना निवृत्तीनंतर मधुमेह कळतो.

काकांच्या खांद्याला कायम एक कापडी पिशवी असते. तीत स्टीलचा पेला, चमचा, ताटली, दोन डबे (झाकणावर रंगानं ‘मासे’ लिहिलेला एक) आणि परिपत्रकाची झेरॉक्स, दोन्ही बाजूंनी छापलेली. ‘लाउदातो सी’त २४६ परिच्छेद आहेत आणि काकांना ते नंबराने पाठ आहेत. लोक स्तोत्रसंहितेचे आकडे सांगतात, काका परिच्छेदांचे सांगतात. लग्नाच्या पंगतीत कुणी ताटात भात टाकून उठला की काका त्याच्याकडे बघून शांतपणे म्हणतात, “दोनशे अकरा.” त्या परिच्छेदात खरोखरच खाण्यापुरतंच शिजवा, कचरा वेगळा करा, पाणी जपा, झाडं लावा, नको ते दिवे बंद करा असं लिहिलेलं आहे. “पोपनी दिवे बंद करायला सांगितलंय,” काका म्हणतात, “लेखी.” पाहुण्यांना वाटतं, म्हातारा आहेराचा आकडा सांगतोय.

एसीच्या बैठकीत तर यावरून मोठाच घोटाळा झाला. चर्चमध्ये वातानुकूलन करायचा विषय पॅरिश कौन्सिलपुढे आला होता. काका उभे राहिले आणि म्हणाले, “फादर, पंचावन्न.”

“नाही हो,” खजिनदार म्हणाले, “कोटेशन अठरा लाखांचं आहे.”

पंचावन्नाव्या परिच्छेदात पोपनी एअर कंडिशनरचं नाव घेऊन लिहिलंय. वापर वाढतो, बाजार तो आणखी वाढवतो, बाहेरून कुणी बघणारा असेल तर या आत्मघाताकडे बघून थक्क होईल, अशा अर्थाचं. काकांनी तो परिच्छेद उभ्यानं वाचला, मग त्याचं मराठी केलं, मग पुन्हा वाचला. नंतर इतिहासात शिरले. पोर्तुगीज इथे १५३४ ला आले आणि १७३९ पर्यंत राहिले, अंगात जाड कोट, पायात बूट, आणि एकही एसी नाही. उंच छत आणि मोठ्या खिडक्या, बस. मागून कुणीतरी म्हणालं, “म्हणूनच गेले.” चिमाजी अप्पांचं श्रेय असं उकाड्याला जाताना पाहून शाळेतल्या निवृत्त बाई चिडल्या, आणि बैठक वसईच्या मोहिमेवर घसरली. एसी लागला. फक्त लग्नाला आणि बिशप आले तर चालू करायचा, असा ठराव झाला. तेव्हापासून आमच्याकडे मे महिन्यात नवऱ्या मुलाच्या अख्ख्या गोतावळ्याला कोट घालता येतो. काका निषेध म्हणून अशा लग्नांना स्वेटर घालून येतात. भर मे महिन्यात, घरापासून घालून.

मिस्सेतल्या श्रद्धावंतांच्या प्रार्थनांपैकी एक प्रार्थना एका रविवारी काकांना वाचायला दिली. सृष्टिकाळ सुरू झाला होता. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ अलीकडे अनेक पंथांच्या चर्चमध्ये सृष्टीसाठी पाळतात. १ सप्टेंबरची प्रार्थना ऑर्थोडॉक्स मंडळींनी १९८९ पासूनच सुरू केली होती आणि ४ ऑक्टोबरला असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण असतो. इतरांच्या प्रार्थना दोन ओळींच्या होत्या: आजाऱ्यांसाठी, परीक्षेला बसणाऱ्यांसाठी, पावसासाठी. काका माइकपाशी गेले, चष्मा पुसला आणि वाचू लागले, “औद्योगिक क्रांतीच्या आधी हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाखांत दोनशे ऐंशी होतं. आज, हे प्रभो, ते चारशे वीस झालेलं आहे.”

चारशे वीस म्हटल्याबरोबर अख्ख्या चर्चनं पहिल्या बाकावरच्या माजी नगरसेवकांकडे पाहिलं. प्रार्थना पुढे बरीच होती, पण “आमची प्रार्थना ऐक” म्हणायला कुणाच्या तोंडून नीट आवाज फुटला नाही. आम्ही कोयरवाले तर पेटीच्या मागे वाकूनच होतो. मिस्सेनंतर माजी नगरसेवक काकांना भेटले आणि म्हणाले, “सगळ्यांसमोर नाव घ्यायची गरज नव्हती.”

एसीपेक्षाही काकांचा मोठा वैरी म्हणजे पेव्हर ब्लॉक. फादरांच्या दर काही वर्षांनी बदल्या होतात आणि नव्या फादरांना काहीतरी करून दाखवायचं असतं. आधीच्यांनी ग्रोटो बांधला, त्यांच्या आधीच्यांनी हॉल, आता या फादरांच्या वाट्याला अंगणच उरलं होतं. वाळू, दोन आंबे आणि एक जुनी विहीर असलेलं ते अंगण लाल-करड्या ब्लॉकांनी मढवायचं ठरलं. पावसाळ्यात गाड्या रुततात, बायकांच्या साड्या खराब होतात, ही कारणंही खरीच होती.

हे ठरलं त्या दिवशी काकांनी जे समजावून सांगितलं ते खरं तर सगळ्या वसईनं ऐकायला हवं होतं, म्हणून त्यांच्या तोंडचं इथे जरा विस्तारानं लिहितो. आपली किनारपट्टी वाळूची. पाऊस त्यात मुरतो. जमिनीखाली समुद्राचं खारं पाणी असतंच. मुरलेलं गोडं पाणी वजनानं हलकं, ते त्या खाऱ्यावर थर धरून राहतं. शास्त्रातला ढोबळ हिशेब असा की समुद्रपातळीच्या वर हातभर गोडं पाणी असेल तर खाली त्याचा चाळीस हातांचा साठा असतो. हिशेब उलटाही लागू पडतो. वरचं हातभर उपसलंत किंवा मुरू दिलं नाहीत, तर खालून खारं चाळीस हात वर चढतं. मग विहीर मचूळ होते, आधी पानवेल जळते, मग केळी, मग वाडीचा मालक म्हणतो, आता इथे इमारतच बरी. त्यात समुद्राचीही पातळी चढते आहे, म्हणजे खाऱ्याला दोन्हीकडून बळ. “तेलपाण्याचं तुम्ही मला शिकवू नका,” काका म्हणाले, “माझं आयुष्य त्यात गेलंय.”

दुर्दैवानं एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांना मुलांना तो थर प्रत्यक्ष दाखवायचा होता. काचेचं भांडं हाताशी नव्हतं. दारातल्या पवित्र पाण्याच्या कुंडीत त्यांनी वाटीभर खोबरेल ओतलं, थर दाखवला, मुलांनी पाहिला, वर्ग सुटला. कुंडी तशीच राहिली. त्या दिवशी नऊच्या मिस्सेला येणारा प्रत्येक माणूस क्रुसाची खूण करून आत आला आणि कपाळ चकाकत बसला. फादरांना वेदीवरून पाहताना आधी वाटलं की लोकांच्या चेहऱ्यावर काही तेज आलंय.

ब्लॉक बसले. विहिरीभोवती तीन फुटांची वाळूची कड सोडली, तिला काकांचा विजय म्हणायचं ठरलं.

जुलै २०१८ मध्ये वसई पाण्यात गेली. रेल्वे बंद, वीज बंद, मिठागरांतली माणसं अडकलेली, लोकांच्या घरात कमरेएवढं पाणी. चर्चच्या हॉलमध्ये खिचडी शिजत होती आणि म्हाताऱ्या माणसांचं चाललं होतं की देवाची करणी, नोहाचा काळ परत आला. काका पातेल्याजवळून गरजले, “नोहाच्या वेळी पाणी ओसरल्यावर देवानं इंद्रधनुष्य दाखवून वचन दिलं होतं, पुन्हा असा पूर आणणार नाही. देवानं दिलं होतं. बिल्डरानं नव्हतं दिलं!” जिथे पावसाचं पाणी जाऊन बसायचं त्या खाचरांत आणि खाजणात मातीचा भराव पडला, नाले अडले, आणि हल्ली पाऊस पडतो तोही दोन महिन्यांचा दोन दिवसांत. इतक्या थोडक्यात हवामानबदल आणि नगररचना एकत्र समजावलेली मी कुठे ऐकली नाही. खिचडी वाढणारा मुलगा म्हणाला, “काका, ताटली आणलीत ना?” काकांनी आणली होती.

आता गोठ्याचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय आमच्या धर्मग्रामात काकांची गोष्ट पुरी होत नाही.

नाताळचा गोठा करायची पद्धत असिसीच्या फ्रान्सिसनं रूढ केली. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्यो गावात त्यानं खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून बेथलेहेम उभं केलं होतं. पर्यावरणाचा आश्रयदाता संत म्हणून पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ मध्ये त्याचंच नाव जाहीर केलं. हे दोन्ही धागे काकांच्या हातात आल्यावर ते गप्प बसणं शक्यच नव्हतं. २०२३ मध्ये ग्रेच्योच्या गोठ्याला आठशे वर्षं होत होती. आमच्या युवक मंडळाचं नेहमीचं साहित्य म्हणजे थर्माकोलचा डोंगर, चमकी, चिनी दिव्यांच्या माळा आणि मोटरवर फिरणारी मेंढरं. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, हे काकांनी आधी सांगितलं. मग म्हणाले, “यंदा जिवंत गोठा.”

बैल मिळेना. काकांच्या लहानपणी दर दोन घरांमागे एक बैलजोडी होती, तिथे आता पार्किंग आहे. शेवटी पूर्वेकडच्या एका तबेल्यातून म्हैस आणली. “बेथलेहेमात म्हैस नव्हती,” एक म्हणाला. “वसईत बैल नाही,” काका म्हणाले, आणि विषय संपला. गाढव माती वाहणाऱ्यांकडून मिळालं. दोन बकऱ्या शेजारच्या. बाळ येशू मात्र मूर्तीच ठेवावा लागला. म्हशीचा आकार पाहिल्यावर एकही आई बाळ द्यायला तयार होईना.

नाताळच्या आदल्या रात्री मिस्सा सुरू झाली. गोठा वेदीच्या डाव्या हाताला, कोयर उजव्या हाताला, मधे बकऱ्या. पहिली दहा मिनिटं दृश्य इतकं सुंदर होतं की म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. मग महिमागीत आलं आणि प्रथेप्रमाणे सगळ्या घंटा एकदम वाजल्या. म्हैस उठली. तिनं काही केलं नाही, नुसती उठली, पण तेवढ्यानं बेथलेहेमचं छप्पर तिच्या शिंगांवर आलं आणि ते डोक्यावर घेऊन ती उरलेली मिस्सा उभीच राहिली. बकऱ्यांनी आधी तारा खाल्ला, तो केळीच्या पानांचा होता. मग त्या कोयरकडे वळल्या आणि आमचे गाण्यांचे कागद खायला लागल्या. (कागद पाठकोरे होते; काकांनीच दिलेले.) पुढची गाणी आम्ही पहिल्या कडव्यावरच संपवली. फादर शांतीवर बोलायला लागले आणि गाढवानं तोंड उघडलं. फादर थांबले की ते थांबायचं. प्रवचन तीन मिनिटांत आटोपलं, आणि लोक सांगतात, इतकं सुटसुटीत प्रवचन त्याआधी झालं नव्हतं.

काका कृतार्थ होते. मिस्सेनंतर घमेलं घेऊन ते शेण गोळा करत होते तेव्हा धर्मशिक्षणाच्या वर्गातली एक मुलगी जवळ आली आणि म्हणाली, “काका, गुरांच्या ढेकरांतून मिथेन निघतो ना? तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा जास्त तापवतो, तुम्हीच शिकवलंत.” काका तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बाळा, आज नाताळ आहे.”

पापनिवेदनाला काका आले की शनिवारची रांग लांबते. २०१९ मध्ये अॅमेझॉन प्रदेशासाठी भरलेल्या बिशपांच्या सिनडनं पर्यावरणाविरुद्धचं पाप म्हणजे काय, याची व्याख्या करून ठेवली, तेव्हापासून काकांना तो अधिकृत आधारच मिळाला. काकांना ऐकू कमी येतं, त्यामुळे ते जरा मोठ्यानं बोलतात, आणि पापनिवेदनाची गुप्तता हा बाहेर उभ्या लोकांसाठी प्रश्नच राहत नाही. मोटर बंद करायला विसरलो, टाकी ओसंडली. नातवाला विमान विकत घेऊन दिलं, प्लॅस्टिकचं. लेकीच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला टोरोंटोला जाऊन आलो, त्याचा कार्बन अमुक इतका होतो, मी हिशेब आणलाय. (पोप फ्रान्सिस २०२३ च्या हवामान परिषदेला दुबईला जाणार होते आणि आजारपणामुळे जाऊ शकले नाहीत, तेव्हा काकांनी त्यांच्या प्रकृतीसाठी नोव्हेना केला, पण वाचलेलं इंधनही त्यांनी मनातल्या मनात मोजलं असणार.) फादर तीन ‘नमो मरिया’ सांगतात. काका म्हणतात, एवढ्या टनांना तीन पुरणार नाहीत, झाड सांगा. एकदा तर ते दुसऱ्यांच्या नावांची यादी घेऊन गेले होते. “आपली पापं सांगा, काका, शेजाऱ्यांची नको,” हे वाक्य त्या दिवशी बाहेर स्पष्ट ऐकू आलं. ते फादर म्हणाले होते, म्हणजे तेही ओरडलेच असणार.

घरात काकूंचं राज्य आहे. कंपोस्टचा ड्रम काकांनी आधी स्वयंपाकघरात ठेवला होता, पोपनी सांगितलंय म्हणून. काकूंनी विचारलं, “पोपना स्वयंपाकघर आहे का?” ड्रम मागच्या पडवीत गेला. उपवासकाळात काकांनी कार्बनचा उपवास जाहीर केला: स्कूटर बंद, मटण बंद, गीझर बंद. चाळीस दिवस ते थंड पाण्यानं आंघोळ करून चालत बाजारात गेले. काकूंचं म्हणणं, एवढं करून ईस्टरला इंद्यालाच्या पातेल्याशी जे बसले, त्यात चाळीस दिवसांची भरपाई झाली.

हसण्यापलीकडचंही एक लिहितो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला ‘हरित वसई’चं आंदोलन उभं राहिलं, इथली शेतं, वाड्या आणि विहिरींचं पाणी राखण्यासाठी, आणि त्याच्या पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. पुढे २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते हेच. पोपचं परिपत्रक यायला तेव्हा पाव शतक होतं. आज साठी ओलांडलेला प्रत्येक वसईकर त्या आंदोलनाच्या मोर्च्यात फादरांच्या लगेच मागे उभा होता. असे निदान चारशे लोक माझ्या ओळखीचे आहेत, काका त्यांपैकी एक. पण एक फरक मला दिसतो. दिब्रिटोंना तेव्हा कुणी हसलं नव्हतं. ते ज्याला नडत होते त्याला हसण्याइतकी फुरसत नव्हती. काकांना आम्ही हसतो, कारण काका चमच्यांवर चिडतात, ताटल्यांवर, पंख्यांवर. थर्माकोलच्या ताटलीपुढे त्यांचा सिंह होतो, आणि जमिनीचा सौदा चर्चच्याच फाटकाशी चालू असेल तर ते पिशवीत काहीतरी शोधायला लागतात. यात त्यांचा भित्रेपणा किती आणि आमची सोय किती, हे मला अजून वेगळं काढता आलेलं नाही. ते चमच्यापुरते राहिले म्हणूनच आमचे काका राहिले.

टँकरच्या दिवशी हे फार स्वच्छ दिसलं. चर्चचा सण होता, हजारभर माणसांचं जेवण, आणि विहिरीचं पाणी त्या वर्षी तोंडात धरवेना. फादरांनी टँकर सांगितला. काकांना कळलं तेव्हा ते सणाच्या कोटासकट फाटकात जाऊन उभे राहिले, हात पसरून. टँकर आला, थांबला, हॉर्न वाजला. लोक जमले. आता काहीतरी होणार म्हणून मीही पुढे सरकलो.

केबिनमधून मालकच उतरला. ड्रायव्हर सणाला गेला म्हणून स्वतः गाडी घेऊन आला होता. काकांच्या चुलतभावाचा मुलगा. त्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला हातावर धरून, याला मी श्रद्धेत वाढवीन असं वचन देणारे काकाच. त्यानं टोपी काढली, पुढे येऊन वाकला आणि आशीर्वाद मागितला. आमच्याकडे थोरांनी आशीर्वाद मागणाऱ्याला थांबवून ठेवायचं नसतं. काकांचा पसरलेला उजवा हात त्याच्या डोक्यावर गेला. डावा एकटाच हवेत राहिला, तो टँकर अडवायला पुरेसा नव्हता.

“कुठल्या विहिरीचं?” काकांनी हळूच विचारलं.

“आपल्याच,” तो म्हणाला. “आजोबांच्या. तिला अजून गोडं लागतं.”

टँकर आत गेला. काका जेवले. पाणी मात्र त्यांनी स्वतःच्या पेल्यातून प्यायलं, एवढाच काय तो बाणा.

गेल्या ऑक्टोबरात नवी भर पडली. ‘लाउदातो सी’ला दहा वर्षं झाली म्हणून १ ऑक्टोबर २०२५ ला कास्तेल गान्दोल्फोला मोठी सभा भरली आणि नवे पोप लिओ चौदावे यांनी तिथे ग्रीनलंडच्या हिमनदीतून आणलेल्या बर्फाच्या एका ठोकळ्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. जगभर लोकांनी त्याची टिंगल केली. काकांनी मात्र तो व्हिडिओ जपून ठेवला आणि सृष्टिकाळाच्या समारोपाला आपल्याकडेही बर्फ आणायचा असं ठरवलं. ग्रीनलंड लांब पडतं. काकांनी कोळीवाड्याच्या बर्फ कारखान्यातून दोन लाद्या सांगितल्या. सोबत स्वतः चार पानांचं पत्रक लिहिलं. अरबी समुद्र तापतोय, वादळं वाढताहेत, २०२१ च्या तौक्तेनं आपल्या बंदरांवर बोटींचं काय केलं, पूर्वी मिळणारे मासे हल्ली कुठे गेले, असं सगळं त्यात होतं. खाली सही, प्रती दोनशे, अर्थात पाठकोऱ्या कागदावर.

बर्फ वेदीच्या पायरीशी ठेवला. त्याला बोंबलाचा वास होता. फादरांनी पाणी शिंपडलं, काका डोळे मिटून उभे राहिले, लहान मुलं बोटं लावून चाटत होती. पत्रकं सगळ्यांना वाटली आणि मिस्सा संपल्यावर सगळी बाकांवर राहिली.

लोक पांगले तशा मागच्या बाकावरच्या तीन कोळणी पुढे आल्या. टोपल्या त्यांनी बाहेर आंब्याखाली ठेवल्या होत्या, मिस्सेनंतर तिथेच बाजार भरतो.

“काका, प्रार्थना झाली ना?”

“झाली.”

“मग द्या बर्फ इकडे. म्हावरं गरम होतंय.”

काकांनी पिशवी चाचपली, पण मासे ठेवायच्या बर्फावर परिच्छेद नव्हता. लादी फोडून टोपल्यांत गेली. आता एवढं झाल्यावर काही न घेता जाणं बरं दिसेना, म्हणून काकांनी बोंबलाचा वाटा घेतला आणि सवयीनं बजावलं, “प्लॅस्टिक नको.”

“डबा काढा.”

डबा नव्हता. बर्फाच्या धांदलीत तो घरीच राहिला होता. कोळणीनं इकडेतिकडे पाहिलं, जवळच्या बाकावरची पाचसहा पत्रकं उचलली आणि बोंबील त्यांत नीट गुंडाळून दिले. “घ्या. कागद हाय.”

काकूंनी पुडकं ओट्यावर सोडलं. चष्मा डोळ्यांवरच होता. वरचा कागद ओला झाला होता तो त्यांनी बाजूला केला, दुसरा उचलला आणि उभ्याउभ्याच वाचायला लागल्या. चारही पानं वाचली. काका दारात उभे होते. शेवटच्या पानाच्या तळाला बोंबलाचं पाणी लागून शाई पसरली होती.

“चांगलं लिहिलंय हो,” काकू म्हणाल्या. “कुणी लिहिलंय?”